पिंप, पेला आणि पॅटर्न



‘पिंप’ हा शब्द मराठीचा नव्हे. तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. त्यांच्या भाषेत दारूच्या मोठ्या लाकडी पिंपाला ‘पीपा’ म्हणतात; आपण त्याचे पीप आणि पिंप केले. वस्तू आपल्याकडे नव्हती म्हणून शब्दही नव्हता, इतका हा साधा हिशेब आहे. पाणी, तेल, धान्य साठवावयास आपल्याकडे काय नव्हते? मातीचे रांजण होते, तांब्याचे हंडे होते, चामड्याची मोट, पखाल आणि बुधला होता. लाकडाचे भांडे म्हणाल तर काठवट होती. पण ती एका ओंडक्यातून कोरून काढलेली. सरळ फळ्यांचे तुकडे कडेला कडा लावून त्यांतून गोल, न गळणारे भांडे उभे करावयाचे, ही विद्या आपल्या सुताराने फारशी केली नाही. त्याला तिची गरज पडली नाही.

ज्या व्यासपीठावरून तुम्ही संतवाङ्मय आणि राज्यघटना ऐकता, तेथे एका लाकडी भांड्याचा इतिहास सांगण्याचे धाडस मी करीत आहे. मी शाळेत सातवीच्या पुढे गेलो नाही. पुढचे जे काही शिकलो ते फाउंड्रीच्या वाळूत आणि युनियनच्या कचेरीतील कपाटात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा करू नका. मात्र ज्या हातांनी ही भांडी केली त्या हातांची बाजू मी सोडणार नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

इजिप्तमध्ये सक्कारा येथे हेसी-रे नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे, सुमारे ४६०० वर्षांपूर्वीचे. त्याच्या भिंतीवर जी चित्रे आहेत त्यांत उभ्या पट्ट्या जोडून, भोवती लाकडी कडी बसवलेली मापाची भांडी दिसतात. पट्ट्यांच्या भांड्याचा इतका जुना पुरावा हाच. अधिकाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक आहे, माप करणाऱ्या सुताराचे नाही. पण हे रडगाणे मी आज गाणार नाही, ते तुम्हां सर्वांना पाठ आहे.

पुढे युरोपात, आल्प्सच्या आसपास आणि गॉल लोकांच्या मुलखात, ही विद्या खरी वाढली. कारण उघड आहे. तेथे ओकची जंगले होती, थंडी होती आणि द्राक्षांची दारू लांबवर न्यावयाची होती. रोमन लोक दारू मातीच्या उंच कुंभांत भरीत. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी नोंदवितो की, आल्प्सकडचे लोक दारू कड्यांनी आवळलेल्या लाकडी भांड्यांत ठेवतात. इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या ट्राजन सम्राटाच्या विजयस्तंभावर नावेत चढवली जाणारी पिंपे कोरलेली आहेत. मातीचा कुंभ पडला की फुटतो, आणि तो उचलावा लागतो. पिंपाचे पोट फुगीर असते; आडवे केले की ते जमिनीला एका ठिपक्यापुरतेच टेकते, आणि एकटा हमाल त्याला हवे तसे वळवून ढकलत नेतो. ओझे वाहणाऱ्या माणसाची पाठ ज्या शोधाने वाचवली अशा शोधांची यादी केली तर त्यात पिंप बरेच वर येईल.

इंग्लंडात केंट परगण्यातील आयल्सफर्ड येथे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील एक बादली सापडली. लाकडी पट्ट्या, भोवती काशाचे नक्षीदार पट्टे. आर्थर एव्हान्स यांनी तिचे वर्णन १८९० साली प्रसिद्ध केले. नॉर्वेत ओसेबर्ग येथे १९०४ साली एक पुरलेले जहाज उकरून काढले, ते इ. स. ८३४ मध्ये पुरले गेले हे त्याच्या लाकडावरील वर्तुळे मोजून ठरले आहे. त्या जहाजात यू नावाच्या झाडाच्या पट्ट्यांची एक बादली निघाली. तिची कडी जेथे अडकते तेथे मांडी घालून, डोळे मिटून बसलेली पितळी आकृती आहे आणि तिच्या छातीवरील मीनाकामात चक्क स्वस्तिके आहेत! लोक तिला ‘बुद्धाची बादली’ म्हणतात. आपल्याकडील कोणी उत्साही गृहस्थ लगेच बौद्ध भिक्षू नॉर्वेला पोचल्याचे सिद्ध करतील, म्हणून सांगतो : ते काम बहुधा आयर्लंडकडचे आहे आणि बुद्धाशी त्याचा काही संबंध नाही.

आता कामाकडे वळू. पिंप करणाऱ्या सुताराला इंग्रजीत ‘कूपर’ म्हणतात. ते आडनाव त्याच धंद्याचे. हंगेरीत त्यालाच ‘कादार’ म्हणतात. १९५६ ते १९८८ पर्यंत त्या देशाचा कारभार ज्यांच्या हाती होता त्या यानोश कादार यांनी हे नाव घेतले होते. मूळ आडनाव वेगळे. कूपर आधी ओकचा ओंडका करवतीने कापत नसे, पाचरीने फोडीत असे, म्हणजे लाकडाचा धागा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राही आणि पिंप झिरपत नसे. मग पट्टी मध्ये रुंद, टोकांना निमुळती करावयाची, आतून थोडी पोखरावयाची, आणि शेवटी तिच्या दोन्ही कडा तिरक्या रंधावयाच्या. हा शेवटचा भाग म्हणजे सारी विद्या. आपला सुतार लाकूड स्थिर ठेवून रंधा चालवतो. कूपरचा रंधा पुरुषभर लांब. तो उलटा, तिरका टेकवून ठेवलेला असतो, आणि कूपर पट्टी त्याच्यावरून ढकलतो. कोन मोजावयास हातात काही नाही. डोळा आणि मनगट. पट्ट्या कड्यात उभ्या केल्या, आत विस्तव पेटवून त्या वाकवल्या, कडी ठोकली, टोकाजवळ आतून एक खाच काढून त्यात तळ बसवला की झाले. डिंक नाही, खिळा नाही. पिंप भरले की लाकूड फुगते आणि सांधे आपोआप घट्ट होतात. रिकामे उन्हात टाकले की पट्ट्या आखडतात आणि सगळे पिंप विस्कटून पडते.

अशा पिंपात किती दारू मावते हे काढणेही सोपे नव्हते. योहानेस केप्लर, ज्यांनी ग्रहांच्या गतीचे नियम मांडले, त्यांनी १६१३ साली दुसरे लग्न केले. त्या सुमारास दारूची पिंपे घेताना व्यापारी आत एक काठी तिरकी घालून त्या एकाच मापावरून किंमत ठरवतो हे पाहून ते अस्वस्थ झाले, आणि १६१५ साली त्यांनी पिंपाच्या घनफळावर एक ग्रंथच छापला. पुढे जे कलनशास्त्र झाले त्याच्या पूर्वजांत ह्या ग्रंथाची गणना होते. नवरदेव गणिती असला की असे व्हायचे.

लंडनच्या कूपरांच्या संघाला सातव्या हेन्रीने १५०१ साली सनद दिली. उमेदवारी सात वर्षांची. ती संपली की मुलाला त्याने स्वतः केलेल्या पिंपात बसवून, अंगावर काजळी, भुसा आणि दारूचा गाळ ओतून कारखानाभर गडगडत नेण्याची चाल होती. अशा संघांना आजच्या कामगार संघटनेचे आजोबा मानणारे बरेच आहेत. मला ते तितकेसे पटत नाही. त्या संघांत मालक आणि कारागीर एकाच पंगतीला बसत, आणि वाढप मालकाच्या हाती असे.

कूपरांतही पोटजाती होत्या. दारूची पिंपे करणारा वरचा. पिठा-मिठाची करणारा त्याच्या खालचा. आणि बादल्या, ताकाच्या बरण्या, पेले अशी घरगुती भांडी करणारा शेवटचा. त्याला ‘पांढरा कूपर’ म्हणत. शोभेचे काम जन्मले ते ह्या शेवटच्या माणसाच्या हातून. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात दोन कानांचा एक उथळ पेला असतो, त्याला क्वेक म्हणतात. मूळ गेलिक शब्द ‘कुआख’, अर्थ पेला. सतराव्या शतकातील चांगले क्वेक पाहिले तर त्यांत एक पट्टी फिकी, एक काळसर, पुन्हा एक फिकी अशी रांग असते. पट्ट्यांच्या कडांना पिसासारख्या बारीक जिभा काढून त्या शेजारच्या पट्टीत गुंतवलेल्या. भोवती वेताची कडी. आणि दोन पट्ट्या लांब ठेवून त्यांचेच कान केलेले. रंगाचा थेंब नाही, सगळी शोभा दोन लाकडांच्या मूळ रंगाची. पुढे सरदारांना चांदीचे क्वेक हवेसे वाटले. सोनारांनी ते केले, आणि गुळगुळीत चांदीवर उभ्या रेघा आणि आडवे पट्टे कोरले! चांदीला सांधा कशाला आणि कडे कशाला? पण पेला म्हणजे पट्ट्यांचा, हे लोकांच्या डोळ्यांत इतके बसले होते की चांदीलाही गरीब लाकडाचे सोंग घ्यावे लागले. एरवी हलकी वस्तू भारी वस्तूची नक्कल करते. येथे उलटे झाले, आणि त्याचे श्रेय त्या पांढऱ्या कूपरचे.

आपल्याकडील कातारी ह्या वाटेने गेला नाही. सावंतवाडीची खेळणी, पाळण्याचे कातीव पाय, लाटणी आठवा. लाकूड चरकावर फिरत असता त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवावयाची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. रंग लाखेचा, लाकूड बिचारे खाली झाकलेले. ह्यात कमीपणा काही नाही. पांगाऱ्यासारख्या हलक्या, फिक्या लाकडातून इतका उजळ माल काढणे ही मोठी युक्ती आहे. परंतु शिसव आणि हेद, एक काळपट जांभळे आणि एक हळदीसारखे पिवळे, ही दोन लाकडे एकाच डोंगरात उभी असता ती कोणी शेजारी बसवून फार कातली नाहीत, ह्याचे मला नवल वाटते.

डिंकाने जोडून मग कातावयाचे, ही तऱ्हा इंग्लंडात टनब्रिज वेल्स ह्या गावी १८३० च्या सुमारास भरभराटीस आली. निरनिराळ्या रंगांच्या लाकडी काड्या सरसाने चिकटवून त्यांची जुडी करीत आणि ती कातून लहान डब्या, गंजिफा ठेवण्याच्या पेट्यांच्या मुठी, सुईदाण्या काढीत. टोकाला तारका उमटे. हिरवा रंग कोठून आणीत म्हणाल? एका बुरशीने ओकचे कुजते लाकूड हिरवे होते, ते शोधून आणीत. रंगारी तेथेही नव्हता. मात्र त्या डब्यांत पाणी ओतू नये. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा डिंक, ओल लागली की तो सुटतो. म्हणून जोवर सरस होता तोवर डिंकाचे भांडे शोभेचेच राहिले, आणि कामाच्या भांड्याला कडे लागले.

कामाच्या भांड्याचे पुढे काय झाले ते अमेरिकेत पाहावे. १८७० साली तेथे कूपरांची आंतरराष्ट्रीय युनियन निघाली; मार्टिन फोरन तिचे अध्यक्ष होते. त्या काळी पीठ, मीठ, मांस, खिळे आणि नव्याने निघालेले खनिज तेल, सगळेच पिंपांतून जाई. कूपर नगावर मजुरी घेत, शनिवारी पगार झाला की सामायिक बिअर आणून पत्ते कुटीत आणि सोमवारी डोके धरून बसत. मालकांना हे सलत होतेच. त्याच दशकात पट्ट्या कापणारी, कडा तासणारी यंत्रे आली, आणि स्टँडर्ड ऑइलसारख्या प्रचंड तेल कंपन्यांनी पिंपांचे स्वतःचे कारखाने काढले. १८७३ च्या मंदीने युनियनचे कंबरडे मोडले. यंत्राने पुरुषभर लांबीचा रंधा निकामी केला तसा तो सोमवारही निकामी केला.

तरी मिनिआपोलिसच्या कूपरांनी एक गोष्ट केली, ती आपल्या सहकारी चळवळीतल्या मंडळींनी अवश्य वाचावी. ते गाव पिठाच्या गिरण्यांचे. १८७४ साली तेथील कूपरांनी वर्गणी काढून स्वतःचा सहकारी पिंप कारखाना काढला. दुसरे कारखाने त्याच्या मागून निघाले, आणि १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या शहरातील निम्म्याहून अधिक कूपर आपणच आपले मालक होते. त्यांना यंत्राने हरवले नाही. यंत्रे त्यांनी स्वतः घेतली. त्यांना हरवले पिशवीने. गिरण्या पीठ कापडी आणि कागदी पिशव्यांत भरू लागल्या, आणि उत्तम चाललेल्या कारखान्याला गिऱ्हाईक उरले नाही. तेलाच्या बाजूला पोलादी पिंप आले. त्याचे एक पेटंट १९०५ चे, नेली ब्लाय ह्यांच्या कारखान्यातील अभियंत्याने काढून त्यांच्या नावे केलेले. ह्याच त्या बातमीदार बाई, ज्यांनी १८८९-९० मध्ये ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली.

म्हणजे पट्ट्यांची विद्या संपली काय? नाही. ती फाउंड्रीत शिरली.

लोखंड ओतावयाचे तर आधी वाळूत पोकळी हवी, आणि पोकळी उठवावयास लाकडी नमुना हवा. त्याला कोल्हापुरात काय आणि जगात काय, पॅटर्नच म्हणतात. मोठ्या नळाचा किंवा सिलिंडरचा पॅटर्न एका ओंडक्यातून कातला तर वजन उचलवत नाही, आणि ओंडका वाळून तडकतो. म्हणून पॅटर्न-सुतार बारा-सोळा पट्ट्या तिरक्या कडांनी जोडून पोकळ नळकांडे करतो आणि मग ते कातून गोल करतो. कूपरचेच काम, कड्याऐवजी डिंक. शिवाय त्याचे आणखी दोन ताप. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा एक आखडते, पोलाद दोनच्या आसपास. म्हणून त्याची फूटपट्टीच वेगळी, त्या प्रमाणात लांब आखलेली. आणि पॅटर्न वाळूतून उपसताना वाळू ढासळू नये म्हणून बाजूंना ढाळ हवा. पुष्कळदा पॅटर्न दोन अर्धुकांचा लागतो. मग दोन अर्धुकांमध्ये कागद घालून ती चिकटवावयाची, एकसंध कातावयाची, आणि शेवटी पटाशी घालून कागदावरून अलगद उकलावयाची. ही युक्ती ज्याने काढली त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

ह्या लोकांनी संघटनाही लवकर केल्या : ब्रिटनमध्ये १८७२ साली, उत्तर अमेरिकेत १८८७ साली. संख्येने थोडे, पण ते बसले की मागची सगळी फाउंड्री बसे.

आता थोडे गणित, कारण त्यावाचून पुढची हकिगत कळणार नाही. बारा पट्ट्या गोल उभ्या करावयाच्या तर प्रत्येकीची प्रत्येक कडा १५ अंशांनी तिरकी हवी. कडा झाल्या चोवीस. प्रत्येक कडेत पाव अंश चूक झाली, जी डोळ्याला दिसतही नाही, तर शेवटच्या सांध्याशी सहा अंशांची फट पडते. वीस सेंटिमीटर व्यासाचे भांडे धरले तर पट्टी बाहेरून सुमारे ५२ मिलिमीटर रुंद येते, आणि कातताना कोपऱ्यांचे साडेतीन मिलिमीटर भुशात जातात. आठच पट्ट्या घेतल्या तर साडेसात. म्हणून थोड्या पट्ट्यांत काम सोपे पण लाकूड जास्त, अनेक पट्ट्यांत लाकूड कमी पण चुकीला जागा जास्त. भांड्याचे तोंड रुंद आणि तळ अरुंद असेल तर पट्टीही निमुळती लागते आणि दोन कोन एकदम सांभाळावे लागतात.

काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीत, नाव सांगण्याचे कारण नाही, पगारकराराच्या वेळी पॅटर्न-सुतारांना अर्धकुशल गटात टाकले गेले. व्यवस्थापनाचे गृहस्थ म्हणाले, “लाकूड कापून डिंक लावायचा. ह्यात कौशल्य ते काय?” आमच्यातील वडील मिस्त्री काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांनी पिशवीतून बारा पट्ट्या काढल्या, टेबलावर उभ्या केल्या आणि भोवती सुतळी आवळली. डिंक नव्हता. म्हणाले, “साहेब, ह्यात कुठं कागद जातोय का बघा.” साहेबांनी खरोखरच करारातला एक कागद घेऊन सांधा न् सांधा तपासला. गेला नाही. चौघांपैकी दोघे कुशल गटात आले; उरलेल्या दोघांचा प्रश्न तडजोड अधिकाऱ्यापुढे जाऊन अकरा महिन्यांनी सुटला. थकबाकी मात्र अर्धीच मिळाली, आणि ती अर्धी आम्हाला अजून बोचते.

दरम्यान डिंकही बदलला होता. १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे ह्यांना जो पदार्थ सापडला त्यातून पांढरा डिंक निघाला. आपल्याकडे १९५९ पासून तो फेव्हिकॉल ह्या नावाने सुताराच्या हाती आहे. सरसासारखा तो चुलीवर शिजवावा लागत नाही आणि घाण मारत नाही. त्यामुळे फाउंड्रीबाहेरची हौशी माणसेही घरच्या लेथवर पट्ट्यांची दोनरंगी भांडी कातू लागली. अमेरिकेत अशा कातणाऱ्यांची संघटना १९८६ मध्ये झाली. मला हौसेचा राग नाही. पण एका देशात बँकेतला माणूस निवृत्त होऊन जे आनंदाने करतो, तेच काम करणाऱ्याला दुसऱ्या देशात अर्धकुशल म्हणावे, ही गंमत लक्षात ठेवावी. आता संगणकावर चालणारी यंत्रे पॅटर्न कोरतात, आणि पॅटर्नवाचून वाळूचा साचाच थर देत छापणारी यंत्रेही आली आहेत. आमच्या मिस्त्रींच्या हाताखाली एकेकाळी उमेदवार असत. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी एकही नव्हता.

ते आता घरी शिसव आणि हेदाची भांडी करतात. पद्धत फाउंड्रीचीच. सहा-सहा पट्ट्यांची दोन अर्धुके आधी जोडतात. राहिलेली चूक त्या दोन अर्धुकांच्या कडा एका सपाट फळीवर घासून काढून टाकतात, मगच शेवटचे दोन सांधे चिकटवतात. रबराच्या कापलेल्या ट्यूबने आवळून रात्रभर ठेवतात. चरकावर पहिला घाव हळू, कारण बारा कोपरे हत्याराला ठोकरत असतात. दुसऱ्या दिवशी आतून पोखरतात. तळ मात्र ते डिंकाने चिकटवत नाहीत. पट्टीचे लाकूड उभ्या धाग्याचे. ते उंचीत जवळजवळ हलत नाही, पण तळाची आडवी चकती पावसाळ्यात फुगते आणि चैत्रात आखडते. तिला जखडले तर भांडे फुटते. म्हणून कूपरासारखी आतून खाच काढून तळ तिच्यात सुटा ठेवतात. मागच्या दिवाळीत एका प्रदर्शनात त्यांनी तीन भांडी मांडली होती. दोन खपली. तिसरे घेणाऱ्या बाईंनी ते कानाशी हलवून पाहिले आणि म्हणाल्या, “मिस्त्री, ह्याचा तळ ढिला राहिलाय.”